नीट पाहावे

बटाटा शेवटी वाकला. अकरा वाजून सदतीस मिनिटांनी, दोन माणसांच्या देखत, मान टाकल्यासारखा वाकला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण सरकारी तक्त्यात तो वाकलेला नाही, आणि तक्त्यात जे नाही ते घडलेलंच नाही असं शाळेत मानतात. आपणही तसंच मानू. बटाटा वाकला नाही. वाकला असं कुणी म्हणालं, तर आपण त्या माणसाला ओळखत नाही.

ती चिमट्यानं तिसरी पट्टी तिसऱ्या बीकरात सोडत होती. सकाळचे साडेआठ झाले होते. पहिल्या बीकरात साधं पाणी. तिसऱ्यात शंभर मिलिलिटरला पंधरा ग्रॅम मीठ. आणि मधल्यात जेमतेम एक ग्रॅम. हा एक ग्रॅम सापडायला तिला अख्खा आठवडा लागला होता. त्या आठवड्यात घरात खिडकीत, कपाटावर, आणि एकदा तर दाढीच्या मगातसुद्धा बटाट्याच्या पट्ट्या तरंगत होत्या. साधं पाणी पट्टीला फुगवतं, खारट पाणी तिला पिळून काढतं. पण या दोहोंच्या मध्ये एक पाणी असं असतं की पट्टी त्यात गेली काय आणि न गेली काय, होती तेवढीच राहते. पुस्तकात त्याला समपरासारी द्रावण म्हणतात. शाळेच्या कार्यालयात त्यालाच तात्पुरती नेमणूक म्हणत.

ती सहा वर्षं तात्पुरती होती. शाळेत विज्ञानाच्या दोन बाई. मुलांनी त्यांची सोपी वाटणी केली होती: एक कायम बाई आणि एक तात्पुरत्या बाई. कायम बाई वर्षातले तीन महिने रजेवर असत आणि तात्पुरत्या बाई कायम शाळेत असत, पण हे कुणाला खटकत नव्हतं.

“मॅडम,” मामा मागून म्हणाले, “पट्ट्या फार बारीक कापल्यात आपण.”

“बारीकच लागतात, मामा. लवकर वाकतात.”

“वाकायला कशाला पाहिजेत?”

हा प्रश्न तिनं नीट ऐकला असता तर पुढचं काही झालं नसतं. पण ती पट्टीची लांबी फळ्यावर लिहीत होती, तिन्हींची पन्नास मिलिमीटर. पाचाचा आकडा तिनं दोनदा पुसला.

मामा म्हणजे प्रयोगशाळेचे परिचर. एकतीस वर्षं त्यांनी ही प्रयोगशाळा सांभाळली होती आणि मोडतोडीच्या नोंदवहीत एकतीस वर्षं एकच शब्द होता: ‘निरंक’. ते मुलांचे मामा, शिक्षकांचे मामा, मोठ्या बाईंचेही मामा. तिचेही मामाच, पण सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. पाचनंतर ते तिचे बाबा होत. ‘शाळेत नाती आणू नका’ अशी मोठ्या बाईंची तंबी होती आणि मामांनी ती इतकी मनावर घेतली होती, की शाळेच्या आवारात ते पोटच्या पोरीला ‘आपण’ म्हणत, आणि मागचं दार ओलांडून घरात पाऊल टाकलं की “भुंग्या, चहा टाक” म्हणत. भुंगा हे तिचं घरचं नाव. लहानपणी ती एका जागी बसत नसे. अजूनही बसत नसे.

मागचं दार ओलांडलं की घर, हे शब्दशः खरं होतं. प्रयोगशाळेची मागची भिंत हीच त्यांच्या स्वयंपाकघराची पुढची भिंत. शाळेनं परिचराला दिलेल्या दोन खोल्या. आई गेल्यापासून त्यात दोघंच राहत. शनिवारी मामा निवृत्त होणार होते आणि नियम असा होता की खोल्या शाळेच्या कायम नोकराच्याच नावावर राहतात. म्हणजे आज, मंगळवारी, तपासनीस साहेबांनी तिचा पाठ पाहून तक्त्यात ‘होय’ लिहिलं, की ती कायम होणार, आणि खोल्या राहणार. ‘नाही’ लिहिलं, तर महिनाभरात खोल्या रिकाम्या करायच्या. तिचं बालपण, तिचा ताप, तिची बारावी, सगळं त्या दोन खोल्यांत झालं होतं. लोक देव पाण्यात ठेवून बसतात. ती बटाटा ठेवून बसली होती.

दहा वाजता तिनं पट्ट्या काढून मोजल्या. साध्या पाण्यातली बावन्न, टणक, बोटानं टिचकी मारली तर आवाज येईल अशी. मधली पन्नास. खारट पाण्यातली सत्तेचाळीस, आणि चिमट्यात धरली तर ओल्या बुटाच्या नाडीसारखी दोन्हीकडे लोंबणारी. आठवड्यात पहिल्यांदाच तिचा जीव भांड्यात पडला. तिनं पट्ट्या परत आपापल्या बीकरात ठेवल्या.

तेवढ्यात मोठ्या बाईंचं बोलावणं आलं. बटाट्यापासून विद्यार्थ्यांना धोका नाही, असं तीन प्रतींत लिहून द्यायचं होतं. पहिल्या प्रतीवर शिक्का उलटा बसला, म्हणून तिन्ही पुन्हा लिहाव्या लागल्या. ती खुर्चीच्या कडेवर बसून लिहीत होती आणि खाली तिची चप्पल एकसारखी हलत होती.

“बाई, पाय हलवू नका,” मोठ्या बाई म्हणाल्या. “शाई पसरते.”

फाटकात गाडी वाजली तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती.

ती प्रयोगशाळेत शिरली, तोवर नववीचा वर्ग येऊन बसला होता. हा वर्ग तिचा नव्हता. नववीला कायम बाई शिकवत, तिला सहावी-सातवी. पाठनिरीक्षणापुरता हा वर्ग तिला उसना मिळाला होता आणि उसन्या वस्तूसारखाच तो जरा जास्त चकाकत होता. तिच्या मागोमाग मोठ्या बाई आल्या, आणि त्यांच्या मागून गालाला हात लावून तपासनीस साहेब.

“दाढ,” साहेब म्हणाले. नमस्काराच्या जागी त्यांनी एवढंच म्हटलं. “बाराला दंतवैद्याकडे पोचायचंय. मी साडेअकराला निघणार. चला, बाई.”

तिनं सुरुवात केली. पेशी म्हणजे एक खोली, असं तिनं सांगितलं. खोलीला बाहेरून जाड भिंत, ती पेशीभित्तिका. भिंतीच्या आतून एक पातळ पडदा. हा पडदा म्हणजे मोठा चिकट दारवान. पाण्याला आत-बाहेर जाऊ देतो आणि मिठाला म्हणतो, तू थांब.

“मग बाहेर मीठ जास्त असलं तर काय होईल? मीठ तर आत येऊ शकत नाही. मग आतलं पाणीच बाहेर जातं. खोली आतून ओस पडते. भिंती उभ्या असतात, पण आत कुणी राहिलेलं नसतं. अशी पेशी ताठ राहील का?”

“नाही,” वर्ग म्हणाला.

“बघूया.” तिनं चिमटा तिसऱ्या बीकरात घातला, पट्टी पकडली आणि नाटकातल्यासारखी हळूच वर काढली.

पट्टी पट्टीसारखीच सरळ होती. मोडेन पण वाकणार नाही, अशा बाण्याची. तिनं ती आडवी धरली. पट्टीनं कुठेही मान खाली घातली नाही. आणि ती जाड होती. अंगठ्याएवढी.

तिनं साध्या पाण्यातली बघितली. तशीच. मधली बघितली. तशीच. तिघी जावाच जणू, एकाच मापाच्या, एकाच तोऱ्याच्या.

तिनं मान वळवली. मामा कोपऱ्यात उभे होते. अंगावर धुतलेला कोट, खिशात रुमाल, चेहऱ्यावर शाळेचा सत्कार होतो तेव्हा असतं तसं हसू. ती त्यांच्याजवळ गेली, जणू डस्टर घ्यायला.

“मामा, पट्ट्या?”

“झालं काम, मॅडम,” मामा कुजबुजले. “गाडीचा आवाज आला तसा आधी इकडेच आलो. एक मेली होती पार. दुसरी सुजलेली. दोन्ही काढून नव्या टाकल्या.”

“आणि मधली?”

“ती बरी होती. पण म्हटलं दोघी नव्या आणि ती एकटीच जुनी, बरं दिसत नाही.”

“मामा, ती वाकायलाच हवी होती.”

मामांचं हसू तिथंच थांबलं, पण गेलं नाही. त्याला कुठं जायचं ते कळलं नसावं.

“आठवडाभर घरी बघतोय ना मी. रोज आपल्या पट्ट्या वाकतात. रोज आपलं तोंड एवढंसं. घरी मी हात लावत नाही, घरी माझी जबाबदारी नाही. पण म्हटलं आजच्या दिवशी तरी नको. एकतीस वर्षांत ह्या प्रयोगशाळेतून वाकलेली पट्टी मी कुणाला दाखवली नाही, मॅडम. दिसली की बदलतो.”

“एकतीस वर्षं?”

“दर वर्षी. नववीला.”

तिनं टेबलाची कड धरली. ते टेबल क्रमांक तीन होतं, खिडकीकडचं.

एकोणीस वर्षांपूर्वी ती याच टेबलाशी उभी होती, दोन वेण्या आणि नवीन प्रयोगवही घेऊन. सगळ्या वर्गानं पुस्तकातून उतरवलं, ‘पट्टी मऊ पडून वाकली’. कुणी बीकरात डोकावलंसुद्धा नाही. उत्तर छापलेलं असताना बटाट्याला कोण विचारतो? तिनं मात्र विचारलं. तिची पट्टी ताठ होती. तिनं लिहिलं: ‘बदल झाला नाही.’ तेव्हाच्या सरांनी त्यावर लाल रेघ मारली, दोन गुण कापले आणि समासात शेरा लिहिला: ‘नीट पाहावे.’ त्या रात्री ती जेवली नव्हती. आणि मग तिनं खरोखरच नीट पाहायला घेतलं. दहावीला पाहिलं, बारावीला पाहिलं, कॉलेजात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पाहिलं. मैत्रिणींनी वाणिज्य घेतलं, तिनं वनस्पतिशास्त्र घेतलं. एक बटाटा एके दिवशी का वाकला नाही, एवढ्यासाठी. आणि त्याचं कारण तिच्या घरातच, दोन हातांवर, रोज रात्री घोरत होतं.

“बाई?” मोठ्या बाईंचा आवाज आला. “काही अडचण?”

“नाही.” ती वळली. “पट्ट्या नव्या आहेत. पाच-सात मिनिटंच झालीत. जरा वेळ लागेल.”

साहेबांनी गालावरचा हात काढला. “नव्या कुणी टाकल्या?”

मामांनी तोंड उघडलं.

“मी,” ती म्हणाली.

मामांनी तोंड मिटलं. साहेबांनी तक्त्यात लिहिलं: ‘पूर्वतयारी अपुरी.’

“बारीक कापून घेते, म्हणजे लवकर...”

“चाकू?” मोठ्या बाई दचकल्या. “वर्गात धारदार वस्तू चालत नाही. आत्ताच लिहून दिलंत ना तीन प्रतींत?”

चाकू मामांनी आधीच ड्रॉवरमध्ये कुलूपबंद केला होता. त्यांच्या तयारीत खोट म्हणून काढायची सोय नव्हती.

मग पन्नास माणसं एका बटाट्याकडे बघत बसली. बटाट्याकडे एकदा बघायला काही वाटत नाही. दहा मिनिटं बघितलं की तोही आपल्याकडे बघतोय असं वाटायला लागतं. पंखा फिरत होता. साहेब पेनाचं टोपण काढत आणि लावत. मोठ्या बाई किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेत. बाकांखाली शंभराच्या जवळपास पाय होते आणि त्यातला एकही स्वस्थ नव्हता. ती फळ्यापासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत बोलत राहिली, कारण बोलणं थांबलं तर घड्याळ ऐकू येत होतं.

“मधल्या बीकरात काय होतं सांगा.”

“काही नाही,” कुणीतरी म्हणालं.

“चूक. तिथं पाणी आत येतं आणि तेवढंच बाहेर जातं. सारखं. एक क्षण थांबत नाही. सगळी धावपळ तिथंही चालूच असते. फक्त बाहेरून कुणाला दिसत नाही.”

हे ती जरा जास्तच जोरात बोलली. साहेबांनी टोपण लावलं.

“हे मिठाचं पाणी कोमट आहे का हो?” त्यांनी विचारलं.

“नाही, साहेब.”

“असतं तर गुळणी केली असती.”

अकरा वाजून वीस. पट्टीचं एक टोक किंचित मऊ पडल्यासारखं तिला वाटलं. मामांनाही वाटलं असावं, कारण त्यांचा हात खिशात गेला. खिशातल्या ओल्या रुमालाचं टोक बाहेर आलं, आणि त्यात गुंडाळलेल्या तीन ताज्या पट्ट्या.

“मामा, हात.”

मामांनी हात मागे घेतला, पण दोन मिनिटांत तो पुन्हा निघाला. आजारी माणसाची चादर सारखी करायला बायकांचा हात जातो, तसा आपोआप.

“मामा, खडू आणा जरा.”

मामांनी दुसऱ्या खिशातून खडू काढून दिला.

“डस्टर.”

डस्टर काखेत होतं.

“मामा, उभे राहा नुसते. हात मागे बांधून.”

वर्ग हसला. मामांनी हात मागे बांधले आणि मान फिरवून भिंतीकडे बघत उभे राहिले. बीकराकडे त्यांना बघवत नव्हतं.

पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीनं हात वर केला. तिच्यासमोर प्रयोगवही उघडी होती आणि पेन रकान्यावर टेकलं होतं.

“बाई, काय लिहू?”

“काय दिसतंय?”

“काही नाही. पण पुस्तकात ‘वाकते’ असं आहे.”

“पुस्तक घरी जाऊन वाच. इथं दिसतं ते लिही.”

“‘बदल झाला नाही’ लिहिलं तर गुण जातील.”

“जाणार नाहीत.” तिचा आवाज एकदम वर चढला आणि तिथंच फाटला. “त्याबद्दल गुण कापायचे नसतात. तू नीट पाहिलंयस ना? मग झालं.”

मामांचे हात पाठीमागे एकमेकांत होते. त्यातला एक हळूच सुटला. त्यांनी भिंतीवरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं, मग टेबल क्रमांक तीनकडे, मग पुन्हा तिच्याकडे. चष्मेवालीनं स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘बदल झाला नाही’, आणि पुढे वेळ घातली: ११.२९.

साडेअकराला साहेब उठले. दाढेनं त्यांना उठवलं, असं म्हणणं जास्त बरोबर. टेबलाशी येऊन त्यांनी तक्ता ठेवला. शेवटचा रकाना रिकामा होता. ‘अपेक्षित बदल दिसून आला: होय / नाही.’

“बाई, पुस्तकात काय आहे? वाकते ना?”

“वाकते.”

“दर वर्षी वाकते?”

तिनं एकदा मामांकडे पाहिलं. “वाकते, साहेब.”

“मग वाकली.” साहेब कनवाळू माणूस होते, आणि घाईतही होते, हे दोन्ही एका वेळी फार लोकांना जमत नाही. “मी ‘होय’ करतो. शिकवलंत छान. त्या दारवानाचं मला आवडलं. तुम्ही फक्त सांगा, वाकली. मी ऐकून लिहिलं, म्हणजे माझीही सही खोटी नाही.”

पेन ‘होय’वर टेकलं होतं. मोठ्या बाई पापणी न हलवता तिच्याकडे बघत होत्या; म्हण की बाई एकदाचं, असं त्या पापण्यांवर लिहिलेलं होतं. भिंतीपलीकडे दोन खोल्या होत्या. तिथं कुकरची शिटी ओट्यावर राहिली होती, खिडकीत तिचा टॉवेल वाळत होता. इकडे चष्मेवाली पेन उचलून बसली होती. बाई ‘वाकली’ म्हणाल्या तर खोडायला.

तिनं बीकरात पाहिलं. नीट पाहिलं.

“अजून नाही, साहेब.”

“‘अजून’ला रकाना नाही, बाई.”

“मग नाही.”

साहेबांनी सुस्कारा सोडला, तो दाढेचा होता की तिच्यासाठी, कळलं नाही. ‘नाही’भोवती त्यांनी गोल काढला, सही केली, तारीख घातली. अकरा चौतीसला गाडी फाटकाबाहेर पडली. मोठ्या बाई दारात थांबल्या.

“हरिश्चंद्राची अवलाद,” त्या म्हणाल्या. रागानं नाही, दमल्यासारख्या. “अजून एक वर्ष तात्पुरत्या राहाल. जागेचं मात्र माझ्या हातात नाही.”

वर्ग गेला. चष्मेवाली सगळ्यात शेवटी गेली, जाताजाता बीकरात एकदा डोकावून.

मग अकरा सदतीस झाले. आता कुणी नाही, तेव्हा मगाशी ठरवलेलं मोडायला हरकत नाही: तिनं पट्टी चिमट्यानं उचलली, आणि पट्टी वाकली. दोन्ही टोकं सावकाश खाली आली. तिनं ती मामांच्या बोटावर ठेवली. ती बोटावर पांघरुणासारखी पडून राहिली.

मामांनी एकतीस वर्षांत वाकलेल्या पट्ट्या पाहिल्या होत्या त्या केरात टाकण्यापुरत्या. हातावर घेऊन पहिल्यांदाच बघत होते.

“भुंग्या,” ते शाळेच्या आवारात, कामाच्या वेळेत, कोट अंगात असताना म्हणाले, “मेली गं ही.”

“मेली नाही, बाबा. आतलं पाणी गेलंय फक्त. इकडे द्या.”

तिनं ती साध्या पाण्यात सोडली. “आता येईल परत. पूर्वीएवढी नाही येणार कदाचित. पण उभी राहील.”

“आपली आपण?”

“आपली आपण.”

“मग मी इतकी वर्षं...” मामांनी वाक्य सोडून दिलं आणि स्टूल ओढून बीकरासमोर बसले. घंटा मामाच देत, आणि त्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा सात मिनिटं उशिरा झाली. शाळेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. कारण विचारल्यावर मामांनी मोठ्या बाईंना सांगितलं, “उभी राहत होती, मॅडम. मधेच कसा उठू?” मोठ्या बाईंनी कोण ते विचारलं नाही.

बुधवारी संध्याकाळी ती पुस्तकं दोरीनं बांधत होती, एक गठ्ठा सोडून दुसरा, दुसरा सोडून पहिला. मामा माळ्यावरून ट्रंक काढत होते.

“नववीत तू एकदा जेवली नव्हतीस,” ते वरूनच म्हणाले. “काय झालं होतं गं तेव्हा?”

“आठवत नाही.”

“हं.”

ट्रंकेत तिच्या जुन्या वह्या होत्या. ती दुसऱ्या खोलीत गेली आणि कपाटाशी उगाच बराच वेळ थांबली. परत आली तेव्हा ट्रंक बंद होती आणि मामा तिच्यावर बसून चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छच होता.

शुक्रवारी, नोकरीच्या शेवटून दुसऱ्या दिवशी, त्यांनी तिच्या हातात एक कागद दिला. दोन्ही बाजूंना समास आखलेला, प्रयोगशाळेच्या निळ्या शाईत.

“उद्या योग्य मार्गे पाठवायचाय. शुद्धलेखन बघ. ऱ्हस्व-दीर्घाचं माझं काही खरं नसतं.”

तिनं पेन्सिल घेतली आणि बांधलेल्या गठ्ठ्यावर बसून वाचायला लागली. पेन्सिल कुठेच टेकली नाही.

‘प्रति, माननीय शिक्षणाधिकारी. मार्फत, मुख्याध्यापिका.

विषय: इयत्ता नववीच्या एका विद्यार्थिनीस दोन गुण परत मिळणेबाबत.

महोदय,

सविनय कळवतो की, एकोणीस वर्षांपूर्वी या शाळेच्या प्रयोगशाळेत, टेबल क्रमांक तीन, खिडकीकडील बाजू येथे मिठाच्या पाण्यातील बटाट्याची पट्टी वाकली असता खाली सही करणाराने ती कुणास न विचारता बदलली. त्या दिवशी इतर टेबलांवरील पट्ट्या बदलण्यास वेळ मिळाला नाही. आधी आपल्या घरचे टेबल पाहिले, ही पक्षपाताची बाब मान्य आहे. पट्टी खराब झाली असा समज होता. वाकलेली पट्टी खराब नसते, हे खाली सही करणारास याच मंगळवारी कळले.

सदर विद्यार्थिनीने वहीत ‘बदल झाला नाही’ असे लिहिले. तिने नीटच पाहिले होते.

तरी तिचे दोन गुण तिला परत द्यावेत, ‘नीट पाहावे’ हा शेरा रद्द करावा आणि तसे तिला लेखी कळवावे. महिनाअखेर तिचा पत्ता बदलत आहे. नवा पत्ता मिळाला की कळवू. मोडतोडीच्या नोंदवहीतील एकतीस वर्षांचे ‘निरंक’ही या पत्रान्वये दुरुस्त समजावे.

सोबत पुरावा म्हणून मंगळवारची पट्टी, नग एक, जोडली आहे. ती सध्या ताठ आहे. निर्णय होईपर्यंत कार्यालयाने ती साध्या पाण्यात ठेवावी, पाणी रोज बदलावे, आणि मध्येच वाकलेली दिसली तर कृपया कुणीही तिच्या जागी दुसरी ठेवू नये, ही नम्र विनंती.’